वारा, कयाक आणि आपली उलांडी

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक स्वरूपाचे लिहून द्यावे, अशी आपल्या कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. प्रस्तुत लेखक काही इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकची परीक्षा देऊन शिक्षकाचा पेशा पत्करला आणि सारे आयुष्य प्राथमिक शाळेच्या फळ्यापुढे गेले. आरमाराचा इतिहास, सिंधुदुर्गाची १६६४ सालची पायाभरणी आणि आपल्या पूर्वजांची दर्यावर्दी सेवा या विषयांवर मजहून अधिकारी व्यक्तींनी पूर्वीच्या स्मरणिकांतून लिहिले आहे. त्याची पुनरुक्ती करण्यात हशील नाही. परंतु गेल्या मार्गशीर्षात माझ्या घरी एक प्रसंग घडला आणि त्या प्रसंगाने मला एका परक्या, बर्फाळ देशाच्या इतिहासाकडे नेले. तो इतिहास आपल्या ज्ञातिबांधवांनी वाचावा असा आहे, कारण त्यात नावे त्यांची असली तरी कथा पुष्कळशी आपली आहे.

प्रसंग असा. माझा नातू मुंबईस नोकरीत आहे. सुटीला गावी आला तो मित्रासह आणि मोटारीच्या टपावर दोन लांबट, रंगीत, प्लॅस्टिकच्या होड्या बांधून. त्या होड्यांस कयाक म्हणतात, दोन्ही टोकांस पाते असलेल्या एकाच वल्ह्याने ती चालवतात आणि तीत बसून गरवायला जाण्याचा छंद हल्ली देशोदेशी वाढला आहे, ही माहिती त्याने मला मोठ्या उत्साहाने दिली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठून ओसरीवर आलो तो दोन्ही होड्या जागेवर नव्हत्या. लगबगीने किनाऱ्यावर गेलो. पाणी आरशासारखे होते, पण पाठीमागून माडांच्या झावळ्या समुद्राच्या दिशेने एकसारख्या ओढल्यासारख्या दिसत होत्या. मतलई वारा जोरात सुटला होता. दूरवर दोन ठिपके दिसत होते आणि ते ठिपके लहान होत चालले होते.

आमच्या वाडीतील एक वृद्ध तांडेल तेथे जाळे उसवीत बसले होते. त्यांनी एकदाच वर पाहिले आणि म्हणाले, "मास्तरांनू, पोर जाताना माका भेटलो. मी तेका म्हटलंय, वारो भायर घेवन जाता. जातलंस बेगीन, पण येतलंस कसो?" एवढे बोलून ते उठले, आपल्या मुलाला हाक मारली आणि यांत्रिक होडी पाण्यात लोटावयास लावली. सुमारे दीड तासाने दोन्ही कयाक दोरीने बांधून ओढीत आणल्या गेल्या. पोरांचे हात वल्हे मारून सोलवटले होते. नातू एवढेच म्हणाला, "आजोबा, काठाला वारा लागतच नव्हता हो. पुढे गेल्यावर लाटा उठल्या, आणि परत वळलो तर होडी जागची हलेना."

मी त्याला रागे भरलो नाही. रागे भरण्याचा मला अधिकार होता काय, याचा उलगडा लेखाच्या शेवटी होईल.

कयाक कोणाची?

त्या दिवसापासून ही कयाक मूळची कोणाची, याचा मी शोध घेऊ लागलो. प्लॅस्टिकची खेळण्यासारखी दिसणारी ही होडी वस्तुतः मानवजातीच्या अत्यंत जुन्या आणि बुद्धिमान नौकांपैकी एक आहे. ग्रीनलंड, उत्तर कॅनडा, अलास्का आणि बेरिंग समुद्रातील अल्यूशियन बेटे या प्रदेशांतील इन्यूट व अल्यूट लोकांनी ती घडवली. 'कयाक' हा शब्दही त्यांच्याच भाषेतला.

ग्रीनलंडात होडीला लागणारे झाड उगवत नाही. सायबेरियाच्या नद्यांतून वाहून आलेली आणि समुद्रप्रवाहाने किनाऱ्याला लागलेली लाकडे वेचून हे लोक होडीचा सांगाडा बांधीत. त्यात खिळा नाही. लाकडाच्या पट्ट्या चामड्याच्या वादीने आणि स्नायूंच्या दोऱ्याने आवळायच्या व त्यावर सीलची कातडी ताणून शिवायची. त्या शिवणीतून पाणी येऊ न देणे ही बायकांची विद्या होती. पुरुषाचा जीव घरच्या बाईच्या सुईवर अवलंबून असे. आपल्याकडे होडी पुरुषांची आणि मासळी बाजारात नेऊन विकणे बायकांचे अशी वाटणी चालत आली. तेथेही घर दोन हातांनीच चाले, हे पाहून कौतुक वाटते.

कयाकची मापे फूटपट्टीने घेत नसत. ज्याची होडी त्याचेच शरीर हे माप. हातांची लांबी, मुठीची रुंदी, कमरेचा घेर यांवरून लांबी-रुंदी ठरे. साधारणतः पाच मीटर वा त्याहून थोडी अधिक लांब आणि अवघी अर्धा मीटर रुंद अशी ही होडी एकटा माणूस खांद्यावर वाहून नेऊ शके. कातड्याचा टोपीसह अंगरखा घालून त्याचा खालचा घेर बसण्याच्या भोकाच्या कडीवर घट्ट बसवीत. मग माणूस आणि होडी यांत पाणी शिरण्यास वाव राहत नसे. होडी चालवण्यापेक्षा होडी अंगात घालणे, असेच म्हणावे लागेल. पुढ्यात भाला, त्याची गुंडाळलेली वादी, मागे हवा भरलेली कातड्याची पिशवी. आणि सीलची शिकार नसेल तेव्हा दोरीला गळ लावून मासे धरणे. असा हा एकट्याचा संसार.

येथे आपल्या उलांडीची आठवण होते. आपली लहान होडी अरुंद आणि चंचल. म्हणून पूर्वजांनी तिच्या एका बाजूस दोन आडव्या काठ्या बांधून त्यांच्या टोकांस लाकडाचा ओंडका जोडला. ओंडका पाण्यावर राहतो आणि होडी कलू देत नाही. मद्रासच्या मत्स्यखात्याचे एके काळचे संचालक जेम्स हॉर्नेल यांनी १९२० साली भारतीय नौकांच्या घडणीवर जो प्रबंध प्रसिद्ध केला त्यात आपल्या किनाऱ्यावरील उलांडीच्या होड्यांचा विचार केला आहे आणि त्यांचे नाते पूर्वेकडील बेटांतील नौकांशी लावले आहे. आपण ज्या ओंडक्यावर लहानपणी पाय सोडून बसलो, त्याची दखल विद्वानांनी घेतली होती, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

ग्रीनलंडच्या होडीस मात्र उलांडी नाही. मग वाऱ्यात ती उलटली तर?

उलटलेली होडी सरळ करण्याची विद्या

उलटली तर माणसाने होडीतून बाहेर पडायचे नाही, हाच तेथील नियम. त्या पाण्यात बाहेर पडलेला माणूस काही मिनिटांतच गारठून निकामी होतो. म्हणून पाण्याखाली डोके असताना वल्ह्याने, वल्हे हातून गेले असल्यास भाला फेकण्याच्या पट्टीने, आणि तीही नसल्यास नुसत्या हाताने पाण्यावर रेटा देऊन, कंबरेला हिसडा मारून पुन्हा वर यायचे. ज्याने आपली उलांडी लाकडात बांधली नाही त्याने ती अंगात बाणवली, असे मी म्हणेन.

१७२१ साली हान्स एगेडे हा धर्मोपदेशक ग्रीनलंडात उतरल्यानंतर या देशाची माहिती युरोपात पसरू लागली. पुढे डाव्हिड क्रांट्स याने १७६५ साली ग्रीनलंडचा इतिहास जर्मन भाषेत लिहिला, त्यात होडी सरळ करण्याच्या या कसरतींचे प्रकार वर्णिले आहेत. त्याच्याही पूर्वी, १६८० नंतरच्या दशकात, स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कनी बेटांजवळ कातड्याच्या एकट्या होडीत बसलेली माणसे लोकांनी पाहिली होती आणि तेथील एका पाद्र्याने त्याची नोंद केली आहे. अशी एक जुनी कयाक ॲबर्डीन येथे आजही जतन केलेली आहे. ती माणसे तेथवर कशी आली याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. युरोपीय जहाजांनी पकडून नेलेली व निसटलेली ती माणसे असावीत, असे मानणारा एक पक्ष आहे.

मुलगा लहान असतानाच बाप त्याला लहानशी कयाक करून देई. प्रथम बापाच्या जोडीने, काठाकाठाने, वाऱ्याच्या आडोशाने. पोराने पहिला सील आणला म्हणजे घरी मेजवानी होई आणि त्या दिवसापासून तो पुरुषांत गणला जाई. या विद्येला शाळा नव्हती, वही नव्हती. बाप हेच पुस्तक.

आणि तरीही समुद्र आपला वाटा घेतच असे. कयाकमधून गेलेल्या पुरुषाचे बुडून मरणे हे ग्रीनलंडात दीर्घ काळ पुरुषांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक होते. एकोणिसाव्या शतकातील डॉक्टरांनी तेथील एका विचित्र व्याधीचीही नोंद केली आहे. वारा पडलेला, पाणी काचेसारखे, ऊन समोरून डोळ्यांत. अशा वेळी एकटा, निश्चल बसलेला शिकारी एकाएकी भ्रमिष्टासारखा होई. होडी पाण्याने भरते आहे, आपण उलटत आहोत, असा भास होऊन त्याचे हात गोठत. एकदा असे झालेले कित्येक जण पुन्हा एकटे समुद्रावर गेले नाहीत. तात्पर्य, वारा शत्रू आणि शांतता मित्र असे सरळ गणित समुद्रावर नसते.

विद्या ज्याची, लाभ दुसऱ्याचा

या इतिहासाचे एक पान वाचताना मन विषण्ण होते. १७४२ साली बेरिंगच्या मोहिमेतील वाचलेले लोक समुद्री पाणमांजराची मौल्यवान कातडी घेऊन परतले आणि त्यापाठोपाठ रशियन व्यापारी अल्यूशियन बेटांवर लोटले. हा प्राणी धरण्याची कला अल्यूट लोकांस आणि त्यांच्या कयाकांसच साध्य होती. तेव्हा व्यापाऱ्यांनी काय केले? विद्या शिकून घेण्याऐवजी विद्यावानालाच वेठीस धरले. बायकामुले ओलीस ठेवून पुरुषांना शिकारीस धाडले. पुढे त्यांचे तांडे दूरदूरच्या किनाऱ्यांवर, १८१२ साली स्थापन झालेल्या कॅलिफोर्नियातील फोर्ट रॉस या ठाण्यापर्यंत, नेले गेले. जुलूम आणि रोगराई यांनी त्या लोकांची संख्या झपाट्याने घटली. होडी त्यांची, हात त्यांचे, वारा ओळखणारे डोळे त्यांचे. पैसा मात्र दुसऱ्याच्या पेटीत. दर्यावर पोट असणाऱ्या कोणत्याही समाजाला हे पान अगदीच अनोळखी वाटणार नाही.

दोन प्रसंग

वारा आणि कयाक यांचे नाते दाखवणारे दोन प्रसंग येथे सांगतो.

नॉर्वेचा प्रख्यात संशोधक फ्रित्योफ नान्सेन याने १८८८ साली ग्रीनलंडचा हिमप्रदेश ओलांडला आणि त्या हिवाळ्यात तेथील लोकांत राहून तो कयाक चालवण्यास शिकला. पुढे १८९५ साली आपले जहाज सोडून योहान्सेन नावाच्या एका सोबत्यासह तो उत्तर ध्रुवाच्या दिशेने निघाला. ध्रुव गाठता आला नाही, परंतु तोपर्यंत कोणी गेले नव्हते इतक्या उत्तरेस ते पोहोचले. परतताना त्यांचा सारा भरवसा दोन कयाकांवर होता. १८९६ च्या जून महिन्यात फ्रान्झ जोसेफ बेटांच्या भागात त्या दोन्ही होड्या एकत्र बांधून, बर्फाच्या कडेला लावून, दोघे जण पुढचा मार्ग पाहण्यासाठी उंचवट्यावर चढले. होड्या बांधलेली वादी तुटली. पाहतात तो वाऱ्याने होड्या दूर चालल्या आहेत. अन्न, बंदुका, काडतुसे, सारे काही त्यांत! नान्सेनने अंगावरचे काही कपडे उतरवले आणि त्या बर्फाळ पाण्यात उडी घेतली. वारा होड्या पुढे ढकलीत होता आणि हा मागून पोहत होता. हातपाय बधिर झाले, तरी अखेर त्याने होडी गाठली. कसाबसा वर चढला आणि वल्हे मारीत परतला. त्या दोघांचे प्राण वाचले ते एवढ्यावरच. समुद्रावर मोठमोठे पराक्रम केलेल्या पुरुषाचा जीव एका वादीच्या गाठीवर लोंबकळत होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दुसरा प्रसंग जिनो वॉटकिन्स या इंग्रज तरुणाचा. १९३० व १९३१ सालांतील ग्रीनलंडच्या मोहिमेचा हा नायक. तेथे तो कयाक शिकला, उलटून सरळ होण्याच्या कसरतीही त्याने आत्मसात केल्या आणि पुन्हा १९३२ साली पूर्व ग्रीनलंडास गेला. २० ऑगस्ट १९३२ रोजी तो एकटाच सील मारण्यास निघाला. सोबत्यांना पुढे त्याची कयाक पाण्यावर तरंगताना आढळली. जवळच बर्फाच्या एका तुकड्यावर त्याची विजार आणि पट्टा होता. तो मात्र मिळाला नाही. वय अवघे २५ वर्षांचे. विद्या होती, धैर्य होते, होडीही उत्तम होती. जोडीला माणूस नव्हता.

आमच्या घरातील गोष्ट

वॉटकिन्सची हकीकत वाचली त्या रात्री मला झोप आली नाही. कारण होडी मिळाली आणि माणूस मिळाला नाही, ही गोष्ट आमच्या घरातही घडली आहे.

मी सातआठ वर्षांचा असेन. माझे धाकटे काका उलांडीची होडी घेऊन पहाटे एकटेच गरवायला गेले. सोबतीचा माणूस तापाने पडला होता. आजोबांनी "आज ऱ्हवांदे" असे म्हटल्याचे मला आठवते. काकांनी हसून वल्हे उचलले. मतलई होती, ती उन्हाबरोबर पडेल आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर शीड लावून येईन, असा त्यांचा हिशेब. हिशेब एरवीचा बरोबर होता. त्या दिवशी मतलई पडली नाही. ती वाढतच गेली. तिसऱ्या दिवशी दक्षिणेकडच्या एका गावाच्या लोकांना होडी मिळाली. उलांडीची एक काठी मोडलेली होती. गरीची दोरी होडीच्या बाजूच्या खुंटीला बांधलेली तशीच होती.

माझ्या वडिलांनी त्यानंतर मला होडीत पाऊल ठेवू दिले नाही. "तू शाळेत जा," एवढेच ते म्हणाले. मी शाळेत गेलो, मॅट्रिक झालो, मास्तर झालो. लोक म्हणत, मुलाने घराण्याचे नाव काढले. वर्षानुवर्षे मी मुलांना भूगोलात शिकवले की, दिवसा समुद्रावरून जमिनीकडे वाहतो तो खारा वारा आणि रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतो तो मतलई वारा. फळ्यावर बाणांच्या आकृत्या काढल्या. परंतु त्या मतलईने माझ्या काकांना नेले, आणि काठावर वारा लागत नाही तोच खरा धोक्याचा, हे मी एकाही मुलाला सांगितले नाही. माझ्या मुलाला सांगितले नाही. नातवालाही सांगितले नाही. मी रागे कसा भरणार?

वाऱ्याचे गणित

आता उशिरा का होईना, ते येथे सांगतो. शिक्षकाची सवय म्हणून क्षमा असावी.

एक. जमिनीवरून समुद्राकडे वारा वाहतो तेव्हा काठालगत लाट उठत नाही, कारण लाट वाढण्यास लांबवर मोकळे पाणी लागते. डोंगर आणि माड यांचा आडोसाही काठाला असतो. म्हणून काठावरून समुद्र शांत दिसतो. जसजसे बाहेर जावे तसतसा वारा मोकळा आणि लाट मोठी. फसगत होते ती येथे.

दोन. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. सामान्य माणूस शांत पाण्यात लहान होडी ताशी ५-६ किलोमीटर वल्हवील. समोरून जोराचा वारा आला की तेवढेच बळ होडी जागेवर ठेवण्यात खर्ची पडते.

तीन. इंग्रजी आरमारातील फ्रान्सिस बोफर्ट याने १८०५ साली वाऱ्याचे शून्यापासून बारापर्यंत अंक ठरवले. तिसऱ्या अंकाला, म्हणजे ताशी १२ ते १९ किलोमीटरला, लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरा फेस दिसू लागतो. चौथ्याला, म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटरला, तो ठिकठिकाणी दिसतो. वारा मोजण्याचे यंत्र जवळ नसले तरी डोळे असतात. नवशिक्याने पांढरा फेस ठिकठिकाणी दिसू लागताच एकट्याच्या होडीचे तोंड घराकडे वळवावे.

चार. जाताना वारा तोंडावर घ्यावा, येताना पाठीवर. थकलेल्या हातांना वाऱ्याने साहाय्य करावे, शिक्षा करू नये.

पाच. नांगर टाकावयाचा तो नाळेकडून किंवा मागच्या टोकाकडून, बाजूने कदापि नाही. बाजूने बांधलेली दोरी वाऱ्यात ताणली की होडीची कड पाण्याखाली ओढते. माझ्या काकांच्या होडीची दोरी बाजूच्या खुंटीला होती, हे मी वर सांगितलेच आहे. त्या दोरीला मोठा मासा लागला होता की ती खडकात अडकली होती, हे दर्याच जाणे.

बुडालेली विद्या पुन्हा वर येते

आता ग्रीनलंडच्या इतिहासाचा उत्तरार्ध. १९२० च्या सुमारास तेथील पश्चिम किनाऱ्याचे पाणी कोमट होऊ लागले. सील उत्तरेकडे सरकले आणि कॉड मासळीचे थवे आले. सीलसाठी केलेली अरुंद कयाक कॉडच्या राशी वाहण्यास उपयोगाची नव्हती. लाकडी होड्या आल्या, मग यंत्रे आली. यात वाईट असे काही म्हणता येणार नाही. पोट भरले, बुडून मरणे कमी झाले. परंतु दोनतीन पिढ्यांत असे झाले की, ज्या देशाने जगाला कयाक दिली त्या देशातील बहुतेक तरुणांना उलटलेली कयाक सरळ करता येईनाशी झाली. उत्तरेकडील काही शिकारी आणि काही वृद्ध एवढ्यांपाशीच ती विद्या उरली.

दरम्यान युरोपात कयाक हा खेळ झाला होता. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तिच्या शर्यतींना स्थान मिळाले. पुढे प्लॅस्टिकच्या कयाका निघाल्या आणि माझ्या नातवासारख्यांच्या मोटारीच्या टपावर जाऊन बसल्या. होडी जगभर गेली. तिच्याबरोबरचे वाऱ्याचे ज्ञान मात्र टपावर बांधता येत नाही.

तेव्हा १९८४ साली ग्रीनलंडातील तरुणांनी आपली कयाक-संस्था स्थापन केली. जे वृद्ध उरले होते त्यांच्यापाशी ते जाऊन बसले. होड्या पुन्हा बांधल्या. आज तेथे दरवर्षी राष्ट्रीय स्पर्धा भरतात आणि उलटून सरळ होण्याचे तीसहून अधिक प्रकार त्यांत करून दाखवतात. त्यांनी यंत्रे टाकून दिली नाहीत. त्यांनी एवढेच केले की, आजोबांपाशी जे होते ते आजोबांबरोबर जाऊ दिले नाही.

विनंती

ज्ञातिबंधू-भगिनींनो, आपली स्थिती काय आहे? यांत्रिक नौका आल्या, वेधशाळेचे इशारे हातातील फोनवर मिळू लागले. ही प्रगती स्वागतार्हच आहे. ११ नोव्हेंबर २००९ चे फयान, ३ जून २०२० चे निसर्ग आणि मे २०२१ चे तौक्ते या वादळांनी इशाऱ्याचे मोल आपल्याला शिकवले आहे. परंतु वादळाचा इशारा निराळा आणि रोजचा वारा निराळा. माझ्या काकांना वादळाने नेले नाही, रोजच्या मतलईने नेले. रोजच्या वाऱ्याचे ज्ञान आपल्या वृद्ध तांडेलांपाशी आहे, आणि ते वृद्ध वर्षागणिक कमी होत आहेत. मुले शिकली, शहरात गेली, हे भूषणावह आहे. मीच त्या मार्गाने गेलो. पण भयापोटी तोडलेली साखळी पुढच्या पिढीला सुरक्षित करीत नाही. ती तिला आंधळे करते. माझ्या वडिलांनी मला समुद्रापासून वाचवले. त्यांच्या नातवाच्या मुलाला त्याच समुद्रातून दोरी बांधून ओढून आणावे लागले.

म्हणून आपल्या संस्थेपुढे नम्र सूचना ठेवतो. दरवर्षी मे महिन्याच्या सुटीत, मुंबईची मुले गावी येतात तेव्हा, दोन दिवस त्यांना आपल्या तांडेलांच्या हवाली करावे. पोहणे, गाठी मारणे, वारा आणि ढग ओळखणे, नांगर टाकणे आणि सोबतीशिवाय न जाणे, एवढे जरी शिकले तरी पुरे. वाऱ्यांची, खडकांची आणि होडीच्या अवयवांची आपल्या बोलीतील नावे लिहून ठेवण्याचे काम शिक्षकवर्गाने अंगावर घ्यावे. त्या वहीचा प्रारंभ मी केला आहे. आमच्या वाडीतील तांडेल सांगतात आणि मी लिहितो. या वयात मी पुन्हा विद्यार्थी झालो आहे.

राहिली नातवाची गोष्ट. सुटीच्या शेवटच्या दिवशी तो आपण होऊन तांडेलांपाशी गेला आणि पायाशी बसला. तांडेलांनी त्याला पहाटे सोडले नाही. मतलई पडेपर्यंत थांबवले, खाऱ्या वाऱ्याची पहिली झुळूक गालाला लागली तेव्हा "आता जा" म्हटले, आणि जोडीला आपली उलांडीची होडी स्वतः वल्हवीत निघाले. दोन्ही होड्या वाऱ्याला तोंड देत खडकापर्यंत गेल्या. लाटेवर फेस दिसू लागताच वृद्धाने हात वर केला आणि दोघेही वळले. परतताना वारा पाठीशी होता. दोन गोबरे आणि एक तांबोशी एवढी मासळी मिळाली.

मी किनाऱ्यावर उभा होतो. तांडेल माझ्याकडे पाहून म्हणाले, "मास्तरांनू, आता तुमी बसा." मी बसलो. वडिलांचा शब्द इतक्या वर्षांनी मोडला. उलांडीच्या होडीने काठापासून फार दूर नव्हे, पन्नास वावांवर मला नेऊन आणले. पाण्याला हात लावून मी काकांना नमस्कार केला.

लेख अपेक्षेपेक्षा लांबला. वाचकांनी उणे ते पदरात घ्यावे आणि उपयोगाचे वाटेल ते आपल्या मुलांना सांगावे. आपल्या समाजातील प्रत्येक होडी सुखरूप परत येवो, ही त्या दर्याचरणी प्रार्थना करून लेखणी ठेवतो.